गळालेला काना

काकूंच्या शेतात मका उभा होता आणि चवळी त्याच्या अंगावर चढत होती, हे प्रथम नोंदवून ठेवले पाहिजे. पुढे जे जे घडले, ते या उघड्या जवळिकीमुळेच घडले.

टेकडीच्या पोटातली ती पट्टी सरकारने काकूंना पाच वर्षांच्या कराराने दिली होती. दिली तेव्हा तिथे मोठे दगड होते, आणि मोठ्या दगडांच्या मध्ये लहान दगड होते. काकू आणि काकांनी पाच वर्षे डोक्यावरून शेणखत वाहिले, तेव्हा कुठे जमिनीला वास सुटला. मका चवळीला चढायला आधार देई, चवळी मुळांच्या गाठींतून जमिनीला खत पुरवी, आणि हा सगळा व्यवहार दोघे विनाअर्ज करीत. आता करार संपत आला होता. पट्टीत दोन पिके एकत्र घेतल्याचे दिसले आणि शेतीखात्याचा दाखला मिळाला, तर पट्टी काकूंकडे कायम. नाहीतर परत.

दाखल्यासाठी निरीक्षक आले. स्वभावाने भला माणूस. चपला बांधावर काढून आत शिरला. त्यांनी मतीचा नमुना पिशवीत भरला, कणसे मोजली आणि खिशातून टेप काढला.

“काकू, अंतर किती?”

“कशातलं?”

“मका आणि चवळी यांच्यातलं.”

“अहो, ती गळ्यात पडलीय त्याच्या. अंतर कुठून आणू?”

निरीक्षकांनी परिपत्रक उलगडले. ठळक अक्षरांत मथळा होता: ‘अंतरपीक योजना’. काकूंनी चष्मा पदराने पुसून पुन्हा वाचला.

“साहेब, हे आंतरपीक हवं. एकात एक घेतात ते. ‘अ’चा काना गळालाय.”

“मलाही तसंच वाटतं.”

“मग घाला की! एक उभी काठी तर मारायचीय.”

“काना घालायचा अधिकार मुख्य कार्यालयाला आहे, काकू. माझा अधिकार टेपपुरता.”

परिपत्रकाखाली सतरा सह्या होत्या आणि प्रत्येक सहीवर शिक्का होता, ‘वाचले व समजले’. सतरा जणांना जे समजले, ते एकट्या काकूंना समजू नये, याचे निरीक्षकांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी तीन फूट अंतर ठेवण्याची लेखी सूचना दिली.

काकूंनी चवळी उपटली आणि तीन फुटांवर नवी पेरली. चवळीला परिपत्रक वाचता येत नव्हते. तिला आधार हवा होता. महिन्याभरात ती सरपटत मक्यापाशी पोचली आणि पहिल्याच ताटाला वेढा घालून बसली. निरीक्षकांनी शेरा मारला, ‘चवळीकडून अंतराचा भंग. वर्तन सुधारण्यास वाव.’

“हिला समजवा जरा,” ते म्हणाले.

“तुम्हीच समजवा,” काका म्हणाले. “तेहतीस वर्षं झाली, आमच्या हिला मी अजून काही समजावू शकलो नाही.”

मग नेमके अंतर किती, याचा खुलासा मुख्य कार्यालयाकडे मागवण्यात आला. उत्तर तातडीने आले. दोन्ही पिके परस्परांच्या दृष्टीआड असावीत. पिकांना दृष्टी असते का, असा उपप्रश्न काकूंनी विचारला. तो संशोधन विभागाकडे वर्ग झाला. दरम्यान पट्टीच्या मधोमध ताडपत्री उभी राहिली. अलीकडे मका पिवळा पडू लागला, पलीकडे चवळीच्या शेंगा जमिनीवर लोळून कुजल्या. निरीक्षकांनी ताडपत्रीला एक भोक सापडल्याचे नमूद केले.

“आता कुठं नेऊ हिला?” काकू रडवेल्या झाल्या.

“लांब न्या,” निरीक्षक हळूच म्हणाले. “जितकी लांब, तितके गुण जास्त. तुमची पट्टी राहावी, असं मला फार वाटतं हो.”

काकूंनी चवळीचे उरलेले बियाणे नणंदेच्या परसात नेऊन पेरले. वाटेत एक नदी आणि दोन टेकड्या होत्या. निरीक्षकांनी अंतर स्वतः मोजले, अकरा किलोमीटर. टेप पुन्हा पुन्हा लावून त्यांचे गुडघे धरले, पण चेहरा उजळला होता. आजवर एवढे अंतर कुणीच राखले नव्हते. दाखला मिळाला, चौकटीत बसवून मिळाला: ‘आदर्श अंतरपीक’.

तो पदराखाली धरून काकू जमीन कार्यालयात गेल्या. तिथल्या बाईंनी दाखला वाचला, कौतुक केले, बसायला खुर्ची दिली.

“दाखला उत्तम आहे, काकू. पण पट्टीत दुसरं पीक कुठाय?”

“नणंदेकडे.”

“म्हणजे पट्टीत नाही.”

“बाई, पट्टीत होतं तेव्हा दाखला देत नव्हते!”

“तो विभाग वेगळा,” बाई मायेने म्हणाल्या आणि पट्टी परत घेतल्याच्या कागदावर बोट ठेवले. “इथं सही. ‘वाचले व समजले’च्या खाली.”

काकूंनी तो कागद शब्द अन् शब्द, बोट ठेवून वाचला. बाईंना जरा नवलच वाटले. हा कागद असा कुणी वाचत नसे. काना कुठेच गळाला नव्हता.

शुद्धिपत्रक नंतर निघाले, तेव्हा पट्टीत पुन्हा दगड दिसू लागले होते. काकूंनी काकांना एवढेच सांगितले, “एक काठी हवी होती हो. चवळीलाही आणि त्या ‘अ’लाही.”

असो. आता मंडळी, तुम्ही त्या सतरा जणांना मनातल्या मनात हसत इथवर आलात. निरीक्षक पहिल्यांदा शेतात आले, तेव्हा त्यांनी पिशवीत काय भरले, ते जरा मागे जाऊन बघा. तिथला काना गळाला आहे. अडखळला असाल, तर पट्टीवर उभे राहायला या. नसाल, तर सतराव्या सहीखाली जागा मोकळी ठेवली आहे.