गोदाबाईंनी बोल्ट घासला

गोदाबाईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं! रायफलचा बोल्ट घरच्या घरी, ओसरीत बसून घासायचा आणि पार लोण्यासारखा करून सोडायचा!

रायफल त्यांच्याच नावावर होती. नवरा गेल्यावर कलेक्टर कचेरीत चार वर्षं खेटे घालून त्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना मिळवला होता. वलगावच्या शिवारात रानडुकरं हरभऱ्यात शिरली की बाई हवेत एक बार काढायच्या. डुकरं तर पळायचीच, पण शेजारच्या वावरातली माणसंही पळायची! मात्र वर्षभरापासून बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलायचा तो मुठीचा दांडा, अडकत होता. मागे ओढायला दोन हात आणि एक शिवी लागायची.

अकोल्याच्या बंदूक-मिस्त्र्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "बाई, घरात कोणी माणूस असंन तं त्याले द्या फोन."

"मी काय म्हैस हाय?" म्हणत बाईंनी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी दहाला ठाण्यात परवान्याची तपासणी होती. काडतुसं कपाटात कुलूपबंद करून, जेवणं आटोपताच बाईंनी मांडी ठोकली. पुढ्यात परात, परातीत बोल्ट, पॉलिश पेपर आणि शिलाई मशीनचं तेल.

"आई, ठाण्यातच सांगून पाहू ना," सून रागिणी भीतभीत म्हणाली.

"त्या जमादाराले? मागच्या साली सगळ्यांसमोर हसला थो मले! उद्या दहा वाजता दाखवतोच त्याले! एका झटक्यात काम झालं पाह्यजे! मंग हसून दाखव म्हणा!"

नेमके त्याच वेळी फाटकाबाहेर शेजारच्या वावराचे नत्थुजी उभे होते. सकाळीच त्यांच्या बैलांनी गोदाबाईंचा हरभरा खाल्ला होता आणि दोन वावरांमधल्या धुऱ्यावर जोरदार भांडण झालं होतं. बायकोनं समेटासाठी टोपलीभर वांगी देऊन पाठवलं होतं. त्यांना 'जमादार' काही ऐकू आलं नाही, 'हसला' मात्र स्पष्ट ऐकू आलं. मागच्या साली नत्थुजी बाईंना हसले होते. दर सालीच हसायचे! फाटकाच्या फटीतून रायफल दिसली आणि वांगी गल्लीभर घरंगळली.

घरी येऊन त्यांनी पोलिसांना फोन केला आणि कडब्याच्या खोलीत आतून कडी घातली. त्यांची बायको पार्बताबाई अंगणात गळा काढून बसली. "माह्या माणसाले मारते वं थे!" कोपऱ्यावरच्या घरात हे "मारते" पोचलं, चौकात पोचेपर्यंत त्याचं "मारलं" झालं. अर्ध्या तासात अंगणात समाचाराला चाळीस माणसं जमली! आतून नत्थुजी ओरडत होते, "मी जित्ता हाय!" पण रडण्याच्या आवाजात ऐकतो कोण?

इकडे पोलिसांची जीप गोदाबाईंच्या दारात थांबली.

"काकू, बंदूक खाली ठेवा!" जमादार फाटकाआडून म्हणाले.

"खालीच हाय. हे माह्या हातात तिचं आतडं हाय."

"नत्थुजीले गोळी घालणार होत्या म्हणे?"

"त्याच्यासाठी गोळी? लाटणं पुरे!"

"मस्करी नोका करू. त्यानं लेखी तक्रार दिली तं परवाना जाईन तुमचा."

बाईंनी बोल्ट परातीत टाकला. जमादारांना घेऊन त्या तडक पार्बताबाईच्या अंगणात शिरल्या. माणसं दोन्हीकडे सरकली. त्यांनी कडब्याच्या खोलीचं दार धडाधड वाजवलं.

"नत्थूभाऊ, बाहीर या! साहेबाले सांगा, काय केलं म्या तुमाले?"

डोक्यात कडबा घेऊन नत्थुजी बाहेर आले. पोलीस, समाचाराला आलेली माणसं आणि कमरेवर हात ठेवलेल्या गोदाबाई पाहून म्हणाले, "काई नाई. मी तं वांगे द्यायले गेल्तो."

तक्रार मिटली. बाईंनी तर तिथंच डाव साधला. "आले हा तं बोल्टबी पाहून घ्या, जमादारसाहेब!"

सगळा गाव ओसरीपुढे उभा राहिला. आरशासारखा चमकणारा बोल्ट बाईंनी ऐटीत रायफलमध्ये बसवला, मूठ धरली, ओढली.

बोल्ट जागचा हलेना! पुन्हा ओढला. तोंड लाल झालं. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

जमादारांनी रायफल घेतली, आत डोकावले आणि रागिणीकडून केसांचा आकडा मागितला. बोल्ट सरकतो त्या खाचेतून त्यांनी काळाकुट्ट, डिंकासारखा थर खरवडून काढला. "काकू, कोणतं तेल घालता याच्यात?"

"जवसाचं. दर दसऱ्याले. घरच्या घाण्याचं!"

"थेच वाळून चिकटलं ना! बोल्ट चांगलाच होता. घासायची गरजच नोती."

त्यांनी एका बोटानं मूठ ओढली. खट्! बोल्ट लोण्यासारखा सरकला.

चाळीस जोडी डोळे गोदाबाईंवर खिळले. बाईंनी पदर खोचला, परात उचलली आणि जमादारांना ठणकावलं,

"मंग? म्या घासला नसता, तं तुमी आले असते का पाहाले?"