तलावाकाठच्या फरशीचा मंजूर नमुना

आमच्या वसाहतीच्या पोहण्याच्या तलावाकाठची फरशी बदलण्याचा निर्णय कार्यकारिणीने एकमताने घेतला, तेव्हा जुन्या फरशीत काही दोष आहे असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. अडचण एवढीच होती की शेजारच्या वसाहतीने त्यांची फरशी बदलली होती आणि ती आमच्या अध्यक्षांच्या बाल्कनीतून दिसत होती. मी या वसाहतीचा मानद चिटणीस. अकरा वर्षं इतिवृत्त लिहितो आहे आणि या अकरा वर्षांत माझ्या इतिवृत्ताला एकदाही दुरुस्ती सुचवली गेलेली नाही. कुणी वाचलं असतं तरी सुचवली नसती, याची मला खात्री आहे.

फरशी बदलायची म्हणजे तलाव बंद ठेवणं आलं. त्यामुळे ज्याची गैरसोय होईल असा माणूस सगळ्या वसाहतीत एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या घरात राहत होता. माझी थोरली बहीण, अक्का. पस्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका म्हणून उभं राहून तिच्या उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. असं सहा-आठ महिने चाललात तर गुडघा वाचेल, नाहीतर ऑपरेशन. दोन महिने ती रोज सकाळी सातला पाण्यात उतरत होती आणि गेल्या आठवड्यात तर काठी न घेता तलावापर्यंत जाऊन आली होती.

"किती दिवस बंद ठेवणार रे, छोट्या?" तिने विचारलं. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

"पंधरा दिवस. अगदीच लांबलं तर तीन आठवडे."

"तेवढे काढते मी कसेतरी. पण घोळ घालू नका हं."

"काय बोलतेस अक्का! चिटणीस कोण आहे?"

"म्हणून तर म्हणते," अक्का म्हणाली आणि गुडघ्याला तेल चोळत बसली.

दुसऱ्याच दिवशी फरशीवाला आला. उभा जन्म दगडात घालवलेला माणूस. त्याने चपला काढल्या, तलावाभोवती अनवाणी एक फेरी मारली, ऊन कुठून येतं ते पाहिलं आणि पिशवीतून तळहाताएवढा निळसर करडा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

"चुनखडीचा दगड आहे," तो म्हणाला. "वरून असाच खरखरीत ठेवायचा. ओल्या पायाला धरून ठेवतो, आणि उन्हात फार तापत नाही. घरात हाच घासून गुळगुळीत करतात, ते घरात ठीक. रस्त्याला लावायचा तर जाड घ्यायचा. पाण्याकाठी मात्र पॉलिश मारायचं नाही. आणि याच्यावर आंबट काही सांडू द्यायचं नाही, डाग पडतो. झालं."

"झालं म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे सोमवारी काम सुरू करतो."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांचं बरोबरच होतं. एवढा मोठा विषय, आणि एक माणूस येऊन चार मिनिटांत निकालात काढतो? उद्या सभासद विचारतील, मग कार्यकारिणी हवी कशाला? त्याच संध्याकाळी 'दगड निवड पोटसमिती' स्थापन झाली. तिच्यात अध्यक्ष, खजिनदारबाई, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि मी असे चौघे होतो. ठराव मीच लिहिला: नमुन्याचा तुकडा प्रत्येक सदस्याने एक महिना स्वतःच्या घरी ठेवून सखोल अभ्यास करावा आणि लेखी अभिप्राय द्यावा; अभ्यास पुरा होईपर्यंत तलाव बंद राहील.

"म्हणजे चार महिने?" घरी गेल्यावर अक्का म्हणाली. "अरे, दगड घेताय का जावई शोधताय?"

मी तिला समजावलं की जावई एका घराचा असतो, फरशी सगळ्या वसाहतीची असते. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती पूर्वी औषध न घेणाऱ्या रोग्यांकडे पाहत असणार.

पहिला महिना अध्यक्षांचा. त्यांनी तुकडा कागदांवर ठेवला आणि महिनाभर पंख्याच्या वाऱ्याने एकही कागद उडाला नाही. 'दगड भारदस्त आहे,' असा अभिप्राय त्यांनी दिला. दुसरा महिना मास्तरांचा. फरशीवाल्याने आंबटाचं सांगितलं होतं, पण ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले मास्तर नव्हेत. त्यांनी उजव्या कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकले. पांढुरका डाग पडला. मास्तरांना झालेला आनंद तीन पानांत मावला नव्हता. तिसरा महिना माझा. मी नमुन्याला हातही लावला नाही, कपाटात कुलूपबंद ठेवला, आणि त्याच्या सुरक्षिततेविषयी सतरा पानी अहवाल सादर केला.

याच महिन्यात अक्काची काठी परत आली. सकाळी सातला ती सवयीने उठायची आणि बाल्कनीत बसून कोरड्या पडलेल्या तलावाकाठाकडे बघायची. मला वाईट वाटायचं, अगदी मनापासून वाटायचं. एकदा तर वाटलं, अध्यक्षांना सांगावं की पुरे करा. पण तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता.

चौथा महिना खजिनदारबाईंचा. त्यांच्या टाचांना वर्षानुवर्षं भेगा होत्या आणि त्या नेहमी मोजे घालून सभेला येत. त्यांचा अभिप्राय मी शब्दशः देतो: 'दगड रोज स्नानाच्या वेळी पाण्याच्या सान्निध्यात ठेवला व मानवी पायाशी त्याचा संबंध प्रत्यक्ष, नियमित व कसून तपासला. परिणाम उत्तम.' त्या दिवशी बाई उघड्या सपाता घालून आल्या होत्या. टाचा लोण्यासारख्या! तुकडा टेबलावर ठेवला, आणि तोही टाचांइतकाच गुळगुळीत झाला होता. आधीचा खरखरीतपणा नावालाही उरला नव्हता.

अध्यक्षांनी त्यावरून बोटं फिरवली. "वा! अभ्यास केला की दगडसुद्धा कसा खुलतो बघा."

आम्ही चौघांनी तुकड्याच्या खालच्या बाजूला पक्क्या शाईने सह्या केल्या, लाखेचा शिक्का मारला आणि 'मंजूर नमुना' अशी चिठ्ठी लावून तो काचेच्या पेटीत ठेवला.

फरशीवाल्याने सहाशे बारा फरश्या चार महिन्यांपूर्वीच कापून ठेवल्या होत्या. निरोप मिळताच त्याने सगळा माल आणून उतरवला. मी पेटी उघडली आणि एकेक फरशी नमुन्याशी ताडून पाहिली.

"नापास," मी म्हणालो.

"कोणत्या?"

"सगळ्या. नमुना गुळगुळीत आहे आणि या खरखरीत."

फरशीवाल्याने तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "साहेब, मी दिला तेव्हा हा खरखरीत होता. काय केलंत काय याचं?"

"अभ्यास."

"अहो, पण पाण्याकाठी असा दगड म्हणजे ओला साबण! माणसं पडतील."

"खालच्या सह्या कुणाच्या आहेत?"

"तुमच्या."

"मग संपलं. तुमचं म्हणणं लेखी द्या."

त्या बापड्याने लेखी दिलं. 'पॉलिश केल्यास माणसं पडतील' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली अंगठ्याएवढी सही केली. आम्ही तो कागद फाइलला लावला आणि पोचही दिली. कुणाचं म्हणणं दाबायचं नाही, ही आमची पहिल्यापासूनची पद्धत आहे.

बारा दिवस पॉलिशचं मशीन घरघरत होतं. फरश्यांत आता तोंड दिसू लागलं. मी पुन्हा पेटी उघडली, तेव्हा मास्तरांनी खाकरून लक्ष वेधलं. नमुन्याच्या उजव्या कोपऱ्यात अकरा मिलिमीटरचा पांढुरका डाग होता. या फरश्यांना डाग कुठे होता?

"तो डाग तुम्हीच पाडलात!" फरशीवाला ओरडला.

"डाग मंजुरीच्या आधी पडला की नंतर?" मी विचारलं. त्याने लिंबाचा भाव विचारला. कायद्यापुढे सगळेच नमतात.

मग फरशीवाला दोन टोपल्या लिंबं घेऊन बसला आणि प्रत्येक फरशीच्या उजव्या कोपऱ्यात दोन दोन थेंब टाकू लागला. शेजारी मी पट्टी घेऊन बसलो होतो. नऊ दिवसांत दोन फरश्या बाद झाल्या. त्यांचा डाग तेरा मिलिमीटर भरला होता. मधेच एका सकाळी अक्का काठी टेकत खाली आली, वाकून फरशीवर हात फिरवला आणि फरशीवाल्याकडे पाहिलं. तो नुसतं लिंबू पिळत राहिला.

"छोट्या, मी जुन्या फरशीवरून कधी घसरले होते का रे?"

"तशी नोंद नाही," मी म्हणालो.

"हिच्यावरून घसरेन. नोंद करून ठेव."

सहाव्या महिन्याच्या शेवटी उद्घाटन ठरलं. तलाव काठोकाठ भरला. तोवर अक्का चार पायांच्या वॉकरवर आली होती, पण टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी हजर. अध्यक्ष सुटाबुटात आले. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि भाषणाचा कागद हातात घेऊन त्यांनी ओल्या काठावर पहिलं पाऊल टाकलं. दुसरं टाकायची वेळच आली नाही. ते उभ्याउभ्याच निघाले. माइकवरून गेले, मास्तरांवरून गेले, जाताना खजिनदारबाईंना नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं, आणि धपकन पाण्यात! त्यांना ओढायला धावलेले तिघेही त्याच मार्गाने आत गेले. नशीब, पाणी कमरेएवढंच होतं. अध्यक्ष उभे राहिले, टाय पिळला आणि तिथूनच "उद्घाटन झालं" असं त्यांनी जाहीर केलं.

चौकशी दुसऱ्याच दिवशी झाली, आणि ती शास्त्रशुद्ध झाली. मास्तर कोरड्या फरशीवरून वीस वेळा चालले. एकदाही घसरले नाहीत. मग पाणी ओतून चालले, आणि त्यांना तिघांनी धरून उठवलं. निष्कर्ष स्वच्छ होता. फरशी निर्दोष असून दोष पाण्याचा आहे. शिवाय तलावात टाकायच्या औषधात आम्ल असतं आणि ते शिंपडलं की डाग अकरा मिलिमीटरच्या पुढे जातात, म्हणजे मंजूर नमुन्याचा भंग होतो. पाणी दोन्ही बाजूंनी दोषी ठरलं. तलाव कायमचा रिकामा ठेवावा, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरलं.

सभेला अक्का आली. वॉकरची रबरं घसरू नयेत म्हणून तिने त्यांना फडकी गुंडाळली होती. अध्यक्षांनी ठराव वाचताच ती उभी राहिली.

"मला दोन मिनिटं बोलायचंय. डॉक्टरांनी मला पाण्यात चालायला सांगितलंय. गेले सहा महिने मी चालले नाही, आता माझा पाय उचलत नाही. फरशी काढू नका, पाणीही काढू नका. फक्त फरशी उलटी करून लावा. तिची खालची बाजू खरखरीतच आहे."

दारापाशी उभ्या असलेल्या फरशीवाल्याने मान डोलावली. "चार दिवसांचं काम आहे. मी करून देतो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या बहिणीचा अभिमान वाटला. इतकं सोपं कुणालाच सुचलं नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल चाळली आणि नियम सांगितला: नमुन्याच्या खालच्या बाजूला पदाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत. प्रत्येक फरशी नमुन्याबरहुकूमच धरायची, त्यामुळे सह्यांची बाजू वर आली तर लोक पदाधिकाऱ्यांच्या सह्यांवर पाय देतील.

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात तलावात पाय बुडवला नव्हता. त्यांना बाल्कनीतून फरशी चकचकीत दिसत होती आणि तेवढं त्यांना पुरे होतं. माझा उजवा हात इतिवृत्त लिहिण्यात गुंतला होता. डावा वर गेला. अक्का माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, हात मात्र वरच ठेवला, कारण मोजणी चालू होती.

"घे खाली आता," ती शेवटी म्हणाली. "मोजून झाले."

मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे. माझ्याशी ती बोलत नाही. मला रात्री झोप लागत नाही, हेही सांगून टाकतो, ते इतिवृत्तात नाही. इतिवृत्तात आकडे आहेत: बाजूने एकेचाळीस, विरोधात एक. वसाहतीत सभासद एकशे दहा. उरलेले अडुसष्ट त्या संध्याकाळी कुठे होते, मला माहीत नाही. नियमाप्रमाणे मी खाली एक ओळ लिहिली: 'गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरली आहे.'

इथवर वाचून तुम्ही आमच्यावर मनसोक्त हसला असाल. हसा की! तुम्ही तिथे असता तर अक्काच्या बाजूने हात वर केला असता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण तुमच्या इमारतीची मागची सभा कधी झाली, सांगता? नाही ना आठवत? तुम्ही गेलाच नव्हता. तिथेही माझ्यासारखा एक चिटणीस बसला होता, आणि त्याने तुमचा हात कधीच वर करून टाकला आहे.