व्याह्यांचा चेंडू

कुठलाही खेळ मला अर्ध्या तासात कळतो. ही बढाई नाही, धंद्याचा अनुभव आहे. मी पार्सल ऑफिस चालवतो. वस्तू इथून उचलायची आणि तिथे पोचवायची, जगातल्या निम्म्या खेळांचं सार तेवढंच. त्यामुळे होणाऱ्या व्याह्यांनी आम्हाला दोन दिवस घरी बोलावून "गोल्फला याल ना?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "त्यात काय, येतो की."

लेकीने कपाळावर हात मारला. तिचं त्यांच्या मुलाशी जुळलं होतं, पण थोरामोठ्यांची बोलणी बाकी होती आणि ती याच दोन दिवसांत व्हायची होती. "बाबा, मला याच घरात जायचंय," ती म्हणाली. "तेवढं लक्षात ठेवून खेळा."

मैदान शंभर वर्षं जुनं. गवत असं कातरलेलं, की चपला हातात घेऊन चालावं. व्याही तर त्या गवताहून मऊ. माझा पहिला फटका चेंडूला सोडून जमिनीला बसला आणि ताटाएवढं ढेकूळ उडालं. "वा," ते म्हणाले, "आधी जमिनीचा अंदाज घ्यावाच." दुसरा फटका तळ्यात गेला. "तळ्यापर्यंत सगळ्यांचा नाही जात." तिसरा माळ्याच्या घमेल्यात पडला. "नेम आहे हो तुमच्या हाताला." असा माणूस आपला व्याही होणार, या विचाराने मला भरून आलं. बायको मात्र मागून कुजबुजली, "त्यांचे चेंडू संपत आलेत. दमलो म्हणा आता."

तशी वेळ आली नाही. चेंडू ज्यात घालायचा तो पुढचा खळगा टेकाडापलीकडे होता. मारणाऱ्याला तो दिसत नाही, म्हणून पलीकडे कुणीतरी उभं राहून वाट मोकळी असल्याची घंटा वाजवायची, अशी तिथली जुनी पद्धत. "हा मान पाहुण्यांचा," व्याही म्हणाले. जिथे कमीत कमी नुकसान होईल तिथे मला उभं केलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

मी घंटा वाजवली. टेकाडावरून चेंडू आला, टप्पा खाऊन वाळूच्या खड्ड्यात रुतला. व्याही आपल्या चेंडूवर निळा ठिपका काढतात, तो त्यावर होताच. आता या वयात त्यांनी वाळूत उतरायचं आणि मी मुलीचा बाप असून हाताची घडी घालून बघायचं? शिवाय चार पावलांवर खळग्याचा झेंडा. माल समोर, पत्ता समोर! शेवटी जायचं तिथेच, तर मधे हेलपाटे कशाला? मी चेंडू उचलला, रुमालाने स्वच्छ पुसला आणि अलगद खळग्यात सोडला.

विहीणबाईंसकट सगळी मंडळी आली. व्याह्यांनी वाळूत पाहिलं, गवतात पाहिलं, झुडपं काठीने बाजूला सारून पाहिली.

"आत बघा ना," मी म्हणालो.

ते हसले. पाहुण्याचं मन राखायला खळग्यापाशी गेले, वाकले आणि तसेच मटकन गवतावर बसले.

"काय झालं हो?" विहीणबाई धावल्या.

"एका फटक्यात," ते म्हणाले. "आमच्या बाबांना आयुष्यभर जमलं नाही. मलाही जमणार नाही, असंच धरून चाललो होतो मी." आणि तो भारदस्त गृहस्थ डोळे पुसायला रुमाल शोधू लागला. मी माझा पुढे केला आणि लगेच मागे घेतला, कारण त्याला वाळू लागली होती.

"अहो, तो मी..." मी तोंड उघडलं, तोच त्यांनी मला मिठी मारली.

क्लबहाउसमध्ये बातमी आमच्या आधी पोचली होती. लोक टाळ्या वाजवत होते, वेटर टाळ्या वाजवत होते. भिंतीवर एक फलक होता आणि असा फटका मारणाऱ्याचं नाव त्यावर रंगवायची रीत होती. सेक्रेटरी म्हणाले, "साक्षीदार लागेल." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. समोर व्याही, लहान मुलासारखे उजळलेले.

"चेंडू आत जाताना मी या डोळ्यांनी पाहिला," मी म्हणालो. यातला शब्द न् शब्द खरा होता, तरी पाठीला घाम फुटला.

लेकीने मला खांबाआड ओढलं. "बाबा, रुमाल दाखवा."

दाखवला. तिने डोळे मिटून घेतले.

"काय केलंत?"

"पोचवला."

"आता?"

"आता जाऊन सांगून टाकतो."

"सांगितलंत तर ते पार खचतील. नाही सांगितलंत आणि मागाहून कळलं, तर आपण खोटारडे." तिचा आवाज कापत होता. पोरीचं घर माझ्या एका उपकारापायी मोडायला निघालं होतं.

धीर करून व्हरांड्यात गेलो. व्याही चहा घेत बसले होते, विहीणबाई किटलीशी.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"आधी माझं ऐका. बोलणी कसली करायची आता? आमचा होकार आहे. फक्त एक अट."

मी खुर्ची पुढे ओढली.

"दर रविवारी त्या घंटेपाशी तुम्हीच उभं राहायचं. तुमचा पायगुण आहे हो." एवढं बोलून ते अभिनंदन करणाऱ्यांच्या घोळक्यात शिरले. माझा कबुलीजबाब तसाच राहिला.

विहीणबाईंनी माझ्यापुढे कप सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "टेकाडावर मी यांच्या आधी चढले होते."

मी कप खाली ठेवून व्याह्यांकडे जायला उठलो.

"राहू द्या. इतकं खुश मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. फक्त पुढच्या रविवारी चेंडू जरा अलीकडेच ठेवा. दर वेळी आत जायला लागला, तर यांना वाटेल, आपल्याला खरंच खेळता येतं."