दोन विरुद्ध एक

फ्रिज कुठं ठेवायचा हे रोहिदासनं एकट्यानं ठरवलं होतं आणि त्यापायी वर्षभर बोलणी खाल्ली होती. म्हणून वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्यानं जाहीर केलं, "ह्या टायमाला मतदान. मी मत देणार न्हाई. तुम्हा तिघीतल्या दोघी म्हणतील तिथं मशीन." कुरकुंभच्या कंपनीत तो कॅन्टीन कमिटीवर होता. (तिथं त्याचं कुणी ऐकत नसे, ते वेगळं.)

अडीचला फाट्यावर कंपनीची बस यायची. अकरा महिने त्याचा एकही खाडा नव्हता. बारावा पार पडला की गेटवरच्या बोर्डावर त्याचा फोटो लागणार होता. फोटोसाठी शर्टही शिवून ठेवला होता.

मशीन पडवीत उतरवलेलं. त्याची आई अनसाबाई म्हणाली, "हितं येणारं-जाणारं बघतंय. न्हाणीत ठेव." पडवीत धूळ फार म्हणून मुलगी हर्षदाही न्हाणीच म्हणाली. दोन विरुद्ध एक. रोहिदासनं मशीन न्हाणीत ढकललं.

बायको सुषमा म्हणाली, "ओल्यात शॉक बसंल. त्यापरीस सैपाकघर बरं." हर्षदाला तर पहिल्यापासून तेच हवं होतं. दोन विरुद्ध एक. रोहिदासनं दातओठ खात मशीन स्वयंपाकघरात नेलं.

"अन्नाजवळ मळकी धुणी?" अनसाबाई कडाडली. "त्याच्यापरीस पडवी परवडली." सुषमालाही पडवीच पसंत. मशीन पुन्हा पडवीत आलं आणि रोहिदासच्या कमरेत चमक भरली.

"पण पप्पा, पडवीपेक्षा न्हाणी बरी, हे मघाशीच ठरलंय ना?" हर्षदा म्हणाली. आजीनं मान डोलावली.

रोहिदासचं टाळकं सटकलं. "मत कुणी फिरवलं ते आधी सांगा."

कुणीच फिरवलं नव्हतं. तिघीही आपापल्या शब्दाला पक्क्या होत्या, आणि याचाच त्याला जास्त संताप आला. एकीनं जरी शब्द फिरवला असता तरी तिला शिव्या घालता आल्या असत्या.

सव्वादोन वाजले होते. तो पाठमोरा न्हाणीत शिरला आणि रागाच्या भरात त्यानं मशीन असं खेचलं की ते दारात तिरकं अडकलं. मशीन ना आत, ना बाहेर. रोहिदास मात्र पुरता आत. अडीचला फाट्यावर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग थांबला.

"वढा की गं," तो आतून ओरडला. "माझा फोटू गेला."

बाहेर कुजबुज झाली. मग सुषमाचा आवाज आला, "अवो, मतदान घेतलं. तिघींचं एकच मत पडलं."

रोहिदासच्या जिवात जीव आला. "वढायचं ना?"

"शेजारचं मल्हारी भावजी सांजच्याला रानातनं आलं की वढतील. तवर..." झरोक्यातून मळक्या कपड्यांचं बोचकं आत पडलं. "आत हायसाच, तर तेवढं हातानं धुऊन टाका."