भिंगरावांचं नेट कोण नेतं?

मागच्या खोलीपर्यंत इंटरनेट न्यायचं, असं भिंगरावांनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या बायकोनं शिलाई मशीन थांबवून एकच प्रश्न विचारला, "आणि यात संशय कुणावर घ्यायचाय?" तेवीस वर्षांच्या संसारानंतर एखाद्या बाईला पुढचं सगळं आधीच दिसत असेल, तर त्यात तिचा काही दोष नाही.

भिंगराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या गोदामात ते माल तपासायचं काम करत आणि तिथल्या हमालांनी हे नाव त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. (ते त्यांच्यापर्यंत पोचलं कसं, याचीही चौकशी त्यांनी चार महिने केली.) खोकं बंद असलं तर ते बंद का आहे, आणि उघडं असलं तर ते उघडलं कुणी, हे दोन्ही प्रश्न ते सारख्याच गंभीर चेहऱ्यानं विचारत. आता मुख्य कचेरीत दक्षता अधिकाऱ्याची जागा निघाली होती. अकरा वर्षं भिंगराव या जागेकडे डोळे लावून बसले होते. तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, संगणकावरून मुलाखत. फोनवरून चालणार नाही, जोडणी मध्येच तुटली तर पुन्हा संधी मिळणार नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

राऊटर होता पुढच्या खोलीत. पुढच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं, कपड्यांचे ढीग होते आणि मापं द्यायला आलेल्या बायका होत्या. मागच्या खोलीत शांतता होती, पण तिथे नेट पोचत नव्हतं. मधली भिंत चांगली हातभर जाड होती.

"भिंत फोडायला नको, काही नको," दुकानदारानं दोन पांढऱ्या डब्या काउंटरवर ठेवल्या. "एक डबी राऊटरजवळच्या प्लगमध्ये खोचायची, दुसरी मागच्या खोलीतल्या. घरातल्या विजेच्या तारांतूनच नेट जातं."

"विजेच्या तारेतून नेट जातं, तर नेटच्या तारेतून वीज येणार नाही कशावरून?"

"नाही येत हो."

"लेखी द्याल?"

दुकानदारानं विषय बदलला. "लावून झाल्यावर दोन्ही डब्यांचं हे बटण दाबा. म्हणजे कुलूप लागतं. बाहेरचं कुणी आत शिरत नाही."

"किल्ली कुणाकडे असते?"

"किल्ली नसते त्याला."

भिंगराव किंचित हसले. बिनकिल्लीचं कुलूप त्यांनी उभ्या आयुष्यात कधी गोदामाला लावू दिलं नव्हतं. बटण दाबायचं नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दुकानदार डब्या बांधता बांधता म्हणाला, "माल चांगला आहे. गेल्या महिन्यात तुमच्याच गल्लीतल्या एक बाई तीन डब्या घेऊन गेल्या. कडक होत्या अगदी. मलाच चार प्रश्न विचारून गेल्या." हे वाक्य भिंगरावांनी मनात नोंदवून ठेवलं.

घरी खोकं उघडलं तर आत दोन केबली. एक संगणकाला जोडायची, ते ठीक. दुसरी राऊटरपासून पहिल्या डबीपर्यंत जोडा, असं कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. इथे भिंगरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "नेट विजेच्या तारेतून जातं म्हणतात आणि वर ही केबलही लावा म्हणतात. दोन्हीपैकी एक थाप आहे. ही केबल आपल्या घरातली माहिती बाहेर काढण्यासाठी असणार."

"आपल्या घरातली कसली माहिती? माझी ब्लाउजची मापं?"

"कसलीही!"

त्यांनी ती केबल बाजूला काढली, दोन्ही डब्या नुसत्या प्लगमध्ये खोचल्या आणि मागच्या खोलीत संगणक सुरू केला. डबीवर हिरवे दिवे लागले. नेट आलं! चित्रं भराभर उघडायला लागली. भिंगरावांनी छाती फुगवून बायकोला हाक मारली आणि कंपनीची लबाडी एका दिवसात उघडी पाडल्याचं सांगितलं. बायकोनं "बरं" म्हटलं आणि ती मशीनकडे परत गेली.

हे सुख चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी सकाळी दहाला नेट गेलं आणि साडेबाराला आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते सहा गायब. पुढच्या खोलीत मात्र बायकोच्या फोनवर नेट ठणठणीत चालू. म्हणजे निघताना नेट शाबूत होतं आणि वाटेत कुणीतरी पळवत होतं. गोदामातही असंच होतं. पाठवलेला माल आणि पोचलेला माल यांच्यात फरक पडला, तर चोर वाटेतच असतो.

भिंगरावांनी वही घातली. नेट कधी गेलं, कधी आलं, त्या वेळी कोण कुठे होतं. पहिला संशय बायकोवर.

"चार वाजता तू काय करत होतीस?"

"काजं."

"साक्षीदार?"

बायकोनं कात्री खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नुसतं बघितलं. भिंगरावांनी तिचं नाव वहीतून खोडलं. (काही तपास वेळीच आवरते घ्यावे लागतात.)

आठवड्याभरात मात्र वहीतून एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. शेजारच्या मोठ्या बाई दाराला कुलूप लावून जिना उतरल्या की नेट जाई, आणि परत आल्या की पाच मिनिटांत नेट हजर. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सोडून सहा वर्षं झाली होती, पण अख्खी इमारत त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणत असे आणि त्या जिन्यातून जाताना लोक आपोआप सरळ उभे राहत. त्यांचं घर आणि भिंगरावांचं घर पूर्वी एकच होतं. मालकानं मध्ये भिंत घालून दोन केली. वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, "भिंत नवीन घातली, मीटर दोन बसवले. आतल्या तारा कोण बदलतंय? त्या जुन्याच."

भिंगरावांच्या अंगावर काटा आला. तारा एकच! त्यांनी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं शेजारचं दार वाजवलं. बाई साखर आणायला आत वळल्या, तेवढ्यात त्यांनी मान लांब करून पाहिलं. कपाटाजवळच्या प्लगमध्ये तशीच पांढरी डबी, हिरव्या दिव्यासकट.

"तीन डब्या घेऊन गेलेली कडक बाई!" घरी येऊन ते कुजबुजले. "आपलं नेट तारेतून ओढते आणि बाहेर जाताना बंद करून जाते. म्हणजे आपल्यालाही मिळू नये!"

"अहो, मोठ्या बाई?" बायको म्हणाली. "त्यांनी पोरांच्या हातून पडलेला खडूसुद्धा कधी घरी नेला नसेल."

"असेच लोक असतात."

"मग विचारा ना सरळ त्यांना."

भिंगरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर त्यांना बाईंची भीती वाटत होती. त्यापेक्षा जिन्यात वही घेऊन उभं राहणं सोपं होतं. रोज बाई उतरताना ते तिथे उभे असत, बाई त्यांच्याकडे बघत, ते छताकडे बघत.

गुरुवार उजाडला. साडेदहापासून भिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसले. नेट छान चालू होतं. दहा बावन्नला हिरवे दिवे होते तसेच राहिले, पण पडद्यावरचं सगळं थिजलं. त्याच क्षणी बाहेर कुलूप लागल्याचा आवाज आला.

अकरा वर्षं डोळ्यांसमोर उभी राहिली. भीती कुठल्या कुठे पळाली. भिंगराव अनवाणी धावत सुटले आणि पहिल्या मजल्यावर त्यांनी बाईंना गाठलं.

"बाई, माझं नेट द्या!"

बाई थांबल्या. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "तुमचं? गेले तीन आठवडे कुणीतरी माझं नेट वापरतंय. राऊटरच्या यादीत एक अनोळखी यंत्र दिसतं. म्हणून तर मी बाहेर जाताना बंद करून जाते. मधूनमधून घरात असतानाही बंद करून बघते, कोण तडफडतं ते." मग त्यांनी भिंगरावांच्या अनवाणी पायांपासून इस्त्रीच्या शर्टापर्यंत निरखून पाहिलं. "वर चला."

त्या सरळ भिंगरावांच्या पुढच्या खोलीत शिरल्या आणि राऊटरजवळची डबी त्यांनी वाकून पाहिली. "हिच्यात राऊटरची केबल कुठे आहे?"

"ती... मी लावली नाही."

"मग हिच्यात नेट येणार कुठून? आकाशातून? आणि बटण दाबलंत का?"

बायकोनं कोपऱ्यातला कापडाचा गठ्ठा पुढे ओढला. तो त्या केबलनंच बांधलेला होता.

"म्हणजे तुमच्या डब्यांना कुलूप नाही," बाई फळ्यावर लिहावं तशा शांतपणे म्हणाल्या. "माझ्या डब्यांनाही बटण दाबायचं मी विसरले, ती माझी चूक. तारा एकच, कंपनी एकच. तुमची डबी माझ्या डबीला जाऊन मिळाली. तीन आठवडे तुम्ही माझं नेट वापरताय."

"पण मी तर चोर शोधत होतो!"

"ते मी पाहत होते. इमारतीतल्या प्रत्येकावर मी संशय घेतला. तुमचं नाव मात्र पहिल्याच दिवशी खोडलं."

भिंगरावांना तेवढ्यातही बरं वाटलं. "माझा प्रामाणिकपणा..."

"नाही. मला वाटलं, तारेतून नेट पळवणं तुमच्या आवाक्यातलं काम नाही."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. घड्याळात दहा सत्तावन्न झाले होते. भिंगरावांचा चेहरा बघून बाईंचा आवाज जरा खाली आला. "मुलाखत आहे ना? सांगितलं मला तुमच्या बायकोनं परवा. या गाठी सोडवून जुळवाजुळव करायला आता वेळ नाही, आणि इथे तर मापं द्यायला बायका येत राहणार. संगणक घ्या आणि माझ्याकडे चला. माझंच नेट वापरायचं असेल, तर आता माझ्या डोळ्यांसमोर वापरा."

बरोबर अकराला भिंगराव मोठ्या बाईंच्या टेबलापाशी बसले होते. मागे खुर्चीत बाई. समोर पडद्यावर तीन साहेब. पहिली काही उत्तरं त्यांनी चांगली दिली. मग मधले साहेब पुढे झुकले.

"अलीकडे तुम्ही उघडकीला आणलेला एखादा गैरप्रकार सांगा."

भिंगरावांना दुसरं काही आठवेना. "एका इमारतीत, सर, विजेच्या तारांमधून इंटरनेटची चोरी चालू होती. मी रोजच्या नोंदी ठेवल्या. संशयितांची छाननी केली. प्रत्यक्ष पाळत ठेवली."

"वा! आणि चोर?"

"सापडला, सर."

"कसा पकडलात?"

भिंगरावांनी पाण्याचा घोट घेतला. मग आणखी एक घेतला. खोटं बोलावं तर मागे मुख्याध्यापिका, खरं बोलावं तर पुढे अकरा वर्षं. शेवटी त्यांनी मान खाली घातली. "सर, चोर मीच निघालो. मी पकडला नाही, या बाईंनी पकडला."

पडद्यावर डावीकडचे साहेब हसायला लागले. मधले साहेब मात्र हसले नाहीत.

"बाई, तुम्ही कसं शोधलंत?"

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. यादीतलं अनोळखी यंत्र, वेळा बदलून नेट बंद करणं, जिन्यात कोण कधी दिसतं याची मनातल्या मनात ठेवलेली हजेरी, सगळं त्यांनी दोन मिनिटांत, एकही शब्द वाया न घालवता सांगितलं. मधले साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. अकरा वर्षांत भिंगरावांच्या बोलण्यावर कुणी एवढं लिहून घेतलं नव्हतं.

"बाई, निवृत्तीनंतर सध्या काही करता का?"

"विशेष काही नाही."

"उत्तम," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी भिंगरावांकडे नीट पाहिलं. "तुम्ही जरा बाजूला सरकता का? बाई नीट दिसत नाहीयेत."