मोघम गाऱ्हाणं

आमच्या गावच्या देवळात नोकरी मागायला गेलात, तर देवाच्या आधी दाजी गुरव तुमची मुलाखत घेतात.

गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. नारळ ठेवून ते तुमचं मागणं खणखणीत आवाजात रवळनाथाच्या कानावर घालतात, आणि जमलेल्यांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लग्न असो, आजारपण असो, हरवलेली म्हैस असो, दाजी उलट प्रश्न विचारत नाहीत. नोकरी म्हटली की मात्र चष्मा नाकाच्या टोकावर येतो.

"कसली नोकरी? खंय? देवाक मोघम सांगतस, मगे देवान काय तुझ्यासाठी जिल्हो धुंडूचो?"

माझ्या नितीनचा तर नारळच त्यांनी परत केला. पोरगा फक्त "खयची पण चलात" म्हणाला होता. मला असा संताप आला की विचारू नका. दाजींनी त्याला बजावलं, आधी मालवणात फीर, हॉटेलवाल्यांचं काम कुठे अडतं ते विचार, ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन कसले कोर्स आहेत ते बघ, मग ये.

नितीन कुरकुरत गेला आणि आठवड्याने वेगळाच होऊन आला. ऐन सीझनमध्ये एसी बिघडला की मेकॅनिक गोव्याहून येईपर्यंत पर्यटक मालकाचं डोकं खातात, ही बातमी त्याने आणली होती. मग दाजींनी नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, तारकर्लीक एसी बंद पडलो तर गोव्यातसून माणूस आणूचो लागता. ह्यो झील ता काम शिकतलो आसा. त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता. आज नितीन सीझनमध्ये धड जेवायलाही घरी येत नाही. श्रेय रवळनाथाचं, असं दाजी म्हणतात. मला काय ते कळतं.

दाजींची एकुलती एक मुलगी वैशाली बेंगळुरूला विमानांची इंजिनं तपासते. दोन वर्षांपूर्वी तिची आई, आमच्या काकी, वारल्या आणि दाजी घरात एकटे उरले. तेव्हा पोरगी म्हणाली, "बाबा, मी येतंय, मिळात ता काम करीन." दाजी स्वतः चौकशीला निघाले. ओरोसच्या कचेऱ्या झाल्या, कुडाळचे कारखाने झाले, चिपीच्या विमानतळावरही जाऊन आले. तिथे विमान उतरतं, पण इंजिन खोलायचं काम तिथे नाही. घरी येऊन त्यांनी फोन केला, तेव्हा मी भाजी द्यायला गेले होते. "हय तुझा काम नाय गो बाय. येव नको," एवढंच बोलले आणि नंतर उगाचच पंखा पुसत बसले.

यंदाच्या जत्रेत सगळ्यांची गाऱ्हाणी झाली. शेवटी दाजींनी स्वतःचा नारळ ठेवला. आम्ही तपशिलाची वाट बघत उभे. पण तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला.

"म्हाराजा... माझ्या चेडवाक घराक हाड."

पोरीला घरी आण, एवढंच. कसलं काम, कुठे, काहीच नाही. तसं काम या जिल्ह्यात नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं? तरी कोणी काही विचारलं नाही. नितीनने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळे एकदम म्हणालो, "व्हय म्हाराजा."