सून न्हाई पसंत, धिताडांग!

आवाज कुठलाही द्या, मी त्याचं गाणं करून दाखवतो! असं मी तेजलच्या हळदीआधी अख्ख्या मळवलीत सांगत फिरलो होतो. तेजल माझी चुलत बहीण. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर बसतो, पण खरा मी म्हणजे संगीतकार. फक्त हे अजून कोणाला पटलेलं नाही, एवढंच!

माझ्या लॅपटॉपमध्ये एक वाद्य आहे. हातात धरायचं नाही, पडद्यावरच दिसतं. त्यात आवाज ओतला, की ते कोथिंबिरीसारखा कचाकचा चिरतं, तुकडे ठेक्यावर बसवतं आणि पुन्हा पुन्हा वाजवतं. दोन आवाज दिले तर वरणभातासारखे कालवून देतं!

तेजलच्या होणाऱ्या सासूबाई, कस्तुराबाई, खंडाळ्याहून चहाला आल्या होत्या, तेव्हाच मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. "मावशी, सुनेबद्दल दोन शब्द!"

त्या लाजून म्हणाल्या, "आमाला सून न्हाई, लेक मिळाली बगा! लय पसंत हाय!"

मग आमच्या भामाआत्याला गाठलं. ती म्हणाली, "जावई काय असातसा न्हाई, हिरा हाय हिरा!"

वा! दोन्ही घरांचं कौतुक, आणि खाली ढोल! मी दोन्ही आवाज वाद्यात टाकले आणि म्हटलं, चिर बाबा तुझ्या मनाने. ठेका असा फक्कड बसला, की मी खुर्चीतल्या खुर्चीत उडायला लागलो. शब्द? शब्द कोण ऐकतंय! मी ठेका ऐकत होतो.

हळदीला दोन्हीकडची मंडळी अंबाजीकाकांच्या अंगणात जमली. अंबाजीकाका म्हणजे तेजलचे वडील. माणूस मिरचीच्या रोपासारखा, उंचीने कमी पण जपून हात लावावा असा. मी कपाटाएवढे स्पीकर लावले आणि बटण दाबलं.

धिताडांग धिताडांग! "सून न्हाई... पसंत! सून न्हाई... पसंत!"

अंगण पेटलं! सगळे नाचायला लागले. कस्तुराबाई तर सगळ्यांत पुढे, पदर खोचून, स्वतःच्याच आवाजावर! तेवढ्यात काकांच्या हातातली हळदीची वाटी हवेतच थांबली.

"सत्यम," ते म्हणाले, "ही बाई काय म्हनतीया?"

मी पहिल्यांदाच शब्द ऐकले. बंद करायला धावलो, तर बोटं हळदीने बरबटलेली. ती लॅपटॉपवरून घसरली आणि भलतीकडेच दाबली गेली. आत्या कालवली गेली!

"सून न्हाई पसंत!"

"जावई न्हाई हिरा!"

"सून न्हाई पसंत!"

"जावई न्हाई हिरा!"

सवाल-जवाब रंगला! मी पुन्हा दाबलं, तर वेग दुप्पट झाला. दोन खारी भुईमुगासाठी भांडाव्यात तशा दोघी स्पीकरमधून किंचाळायला लागल्या. काकांनी वायर उपटली. शांतता! आणि त्या शांततेत लॅपटॉपचा स्वतःचा चिमुकला स्पीकर बॅटरीवर इमानाने म्हणत राहिला, "न्हाई, न्हाई, न्हाई..."

मी लॅपटॉपवर बसलो. शब्दशः!

"मी असं म्हनलेच न्हाई!" कस्तुराबाई कडाडल्या.

"मंग आवाज कुनाचा? बिबट्याचा?" आत्या म्हणाली.

"आन तुमी माज्या कैलासला हिरा न्हाई म्हनता?"

"मी कवा म्हनले?"

"आत्ता! ढोलावर!"

नवरदेव कैलास मधे पडायला गेला, तर दोघींनी त्याला एकदमच गप्प केलं. खंडाळ्याकडचं कोणीतरी ओरडलं, "गाड्या काढा!" गंमत करायला गेलो आणि बहिणीचं लग्न मोडायला निघालं होतं!

पिवळीधमक तेजल पाटावरून उठली आणि तिने माझा कान धरला. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. "न चिरलेलं लाव. सगळ्यांसमोर!"

मी मोबाइल लावला. "आमाला सून न्हाई, लेक मिळाली बगा! लय पसंत हाय!" अंगणाने सुस्कारा सोडला. मी हसत बंद करायला गेलो. बोट पुन्हा घसरलं! पुढचं वाजलं, "झालं व्हय बंद? पोरगी गुनाची, पन ह्यांच्या च्यात नुसतं पानी गं बाई! आन ती भामाबाई किती बोलती!"

आत्या तापल्या तव्यासारखी लाल झाली. तेजल म्हणाली, "आता आत्याचंही लाव. सारखंच होऊ दे!"

"...हिरा हाय हिरा! बंद केलंस ना? त्या कस्तुराबाईंची नथ बगितली का? दाराची कडी हाय नुसती!"

कस्तुराबाईंचा हात नथीवर गेला. आणि त्या एकदम खो खो हसत सुटल्या!

"कडी! अवो, जेवताना हिला वर धरावी लागती!"

"च्याचं तुमी खरं बोलला," आत्या डोळे पुसत म्हणाली. "दूध फाटलतं ओ! कुनाला सांगनार?"

मग अर्धवट राहिलेली हळद पुरी झाली. उरलेली सगळी दोघींनी मिळून मला लावली, कानाच्या आतपर्यंत! गाणी बायकांनी तोंडाने म्हटली, आणि खरं सांगतो, झकास झाली.

लग्न थाटात लागलं. परवा कस्तुराबाईंचा फोन आला. "सत्यम, धाकट्याची हळद ठरलीया. त्या दिवशी कुटं असशील तू?"

माझी छाती फुगली! "मावशी, तुमच्यासाठी कुठेही येतो!"

"त्येच इचारतेय, बाबा," त्या म्हणाल्या. "लांब असशील ना?"